सुरुवात सिडची, शेवटही सिडचा

शनिवार, रात्री

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘एकोज : द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड’च्या दोन्ही सीडी आज सलग ऐकल्या, एकही गाणं न गाळता. अडीच तासांच्या वर लागतात. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेला हा संग्रह, १९६७ ते १९९४ मधली २६ गाणी. निवडक गाण्यांचे अल्बम मला एरवी आवडत नाहीत. पिंक फ्लॉइडसारखा बँड तर अख्ख्या अल्बमचा मिळून विचार करायचा, त्यातलं एक गाणं उचलून दुसरीकडे ठेवलं की ते पोरकं वाटतं. हा संग्रह मात्र मी पुन्हा पुन्हा लावते, आणि त्याला कारण त्याचा क्रम.

गाणी सालवार नाहीत. १९६७ वरून थेट १९७९, तिथून १९७१, पुन्हा १९७९, मग १९९४. ध्वनिमुद्रक जेम्स गथ्रीने ती एकमेकांत मिसळली आहेत, त्यामुळे एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कधीकधी कळतच नाही. मला एकच गोष्ट खरोखर खटकते. ज्या गाण्याचं नाव संग्रहाला दिलं, त्या ‘एकोज’लाच कात्री लावली आहे. ‘मेडल’ या मूळ अल्बमवर ते साडेतेवीस मिनिटांचं आहे, इथे साडेसोळाच्या आसपास. बँडच्या कीबोर्डवादक रिक राइटच्या पियानोचा तो एकटा, पाण्यात थेंब पडावा तसा सूर पुन्हा ऐकू येईपर्यंत जी दीर्घ वाट पाहावी लागते, तीच तर त्या गाण्याची किंमत आहे. ती कमी करायला नको होती.

‘मनी’च्या सात मात्रा आजही बोटांवर मोजल्या. रूपक कानात बसलेला असला की हा ठेका परका वाटत नाही. त्याच्या आधी, थोडं वर, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ येतं. ते गाणाऱ्या क्लेअर टोरीला १९७३ मध्ये त्या गाण्याचे तीस पौंड मिळाले होते. शब्दांशिवाय एवढं आर्त गाऊनही संगीतकार म्हणून तिचं नाव लागायला २००५ उजाडावं लागलं. हा संग्रह त्याच्या आधीचा, त्यामुळे यावर श्रेय एकट्या राइटचंच. दर वेळी याचा राग येतो.

पण आज मनात राहिला तो सिड बॅरेट, बँडचा सुरुवातीचा गायक आणि गिटारवादक. बँडला नाव त्याने दिलं, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांवरून. पहिला अल्बम जवळपास सगळा त्याचा. मग मन ढासळत गेलं, आणि जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी त्याला घ्यायला जायचंच नाही असं ठरवलं. दुसऱ्या अल्बमवर त्याचं एकच गाणं उरलं. या संग्रहात मात्र २६ पैकी पाच गाणी त्याची आहेत. संग्रह उघडतो ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिने’ने आणि संपतो ‘बाइक’ने. ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ या अल्बममधलं एकही गाणं घेतलं नाही, पण सिडची पाच घेतली. आणि हे ठरवणारे चौघे, गिलमोर, वॉटर्स, मेसन आणि राइट, तेव्हा १९८१ नंतर एकदाही एकत्र मंचावर आले नव्हते. वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला, नावावरून भांडण वकिलांपर्यंत गेलं. एवढं होऊनही या एका माणसाच्या जागेबद्दल त्यांचं एकमत झालं.

दुसरी सीडी तर मला सगळीच त्याच्यासाठी लावल्यासारखी वाटते. सुरुवातीला ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’, त्याच्यावरच लिहिलेलं. जून १९७५ मध्ये अ‍ॅबी रोडला याच गाण्याचं काम चालू असताना एक जाडजूड, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला होता. तो सिड आहे हे कितीतरी वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे ‘विश यू वेअर हिअर’ येतं, आणि ते संपतं न संपतं तोच ‘जगबँड ब्लूज’. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या वाजंत्र्यांना सिडने मनाला येईल ते वाजवायला सांगितलं होतं, तेच हे गाणं. मित्रांनी १९७५ मध्ये मारलेल्या हाकेला त्याने १९६७ मध्येच उत्तर देऊन ठेवलेलं, असं या क्रमात ऐकू येतं. मूळ अल्बम कितीही वेळा ऐकले तरी हे मला कधी ऐकू आलं नसतं.

हा संग्रह आला तेव्हा सिड जिवंत होता. केंब्रिजमध्ये, आईच्या घरात, रॉजर या जन्मनावाने राहायचा, चित्रं काढायचा, बागेत काम करायचा. २००६ मध्ये गेला. त्याने तो ऐकला असो वा नसो, शेवटची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली हे मला फार मोठं वाटतं. ‘हाय होप्स’मध्ये गिलमोर गेलेल्या दिवसांकडे वळून पाहतो, घंटा वाजत राहते, आणि त्यानंतर कुणी मोठं, भव्य गाणं ठेवलं असतं तर ते सहज शोभलं असतं. त्यांनी ठेवली ती एका एकवीस वर्षांच्या पोराची सायकल.