दोन लिटरची बाटली

अर्ज हाताने लिहिलेला होता आणि अक्षर देखणं. अर्जदार गावचे निवृत्त गुरुजी. विषय: 'धान्याऐवजी मिळणाऱ्या रकमेचा गैरवापर होत असलेबाबत.' तिसऱ्या मुद्द्यात एका घराचा नावानिशी उल्लेख. सदर महिलेने बँकेतून पैसे काढून त्याच दिवशी थंड पेयाची दोन लिटरची बाटली विकत घेतली, हे अर्जदाराने समक्ष पाहिले आहे. सबब पैसे बंद करून धान्य सुरू करावे, किंवा त्या पैशातून फक्त धान्यच घेता येईल अशी तजवीज करावी. वर तहसीलदार साहेबांचा लाल शाईतला शेरा: 'पु.नि., समक्ष भेट देऊन अहवाल सादर करा.'

पु.नि. म्हणजे पुरवठा निरीक्षक, म्हणजे मी.

२०२४ चा मे महिना. निवडणुकीची ड्युटी नुकतीच संपली होती, अंगातून शीण गेला नव्हता, आणि मराठवाड्यातलं ऊन म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. एका बाटलीची चौकशी करायला बावीस किलोमीटर जायचं.

बाहेरच्यांना ही भानगड कळावी म्हणून थोडं सांगतो. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा असे चौदा जिल्हे शेतकरी आत्महत्यांचे म्हणून धरले गेले. तिथल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी महिना पाच किलो धान्य मिळायचं, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने. हे लोक अन्न सुरक्षा कायद्यात बसत नव्हते. २०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेचा गहू-तांदूळ येणं थांबलं. मग फेब्रुवारी २०२३ चा शासन निर्णय आला: धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये, कार्डावरच्या महिला कुटुंबप्रमुखाच्या खात्यात. दीडशे रुपयांत तेव्हा बाजारात पाच किलो गहू कसाबसा बसायचा. बसला तर.

आमच्या शाखेत तेव्हा दोन तट पडले होते. गोदामपाल म्हणायचे, बरं झालं, पोती मोजायची कटकट गेली. मी दुसऱ्या तटात. माझं मत पक्कं होतं: धान्य पोटात जातं, पैसा कुठेही जातो. गुरुजींचा अर्ज वाचून मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता.

कोतवालाला घेऊन बाटलीवालीच्या घरी गेलो. बाई चाळिशीची, घरात पाच माणसं, पावणेदोन एकर कोरडवाहू. आम्हाला पाहून घाबरली वगैरे नाही. खाट टाकली, पाणी दिलं. मी पासबुक मागितलं. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर. तीन महिन्यांचे एकदम जमा झालेले २,२५० रुपये आणि चार दिवसांनी काढलेले २,२००.

"ताई, या पैशाचं काय केलं?"

"खाल्ले."

कोतवाल हसला. मी नाही हसलो. म्हटलं, जरा फोड करून सांगा, मला लिहायचंय. तिने बोटं मोजत सांगितलं. ज्वारी. तेलाच्या दोन पिशव्या. किलोभर तूरडाळ. चहापत्ती, साखर. किराणावाल्याची मागची उधारी थोडी. धाकटीला चप्पल. एक तेलाची पिशवी समोरच खिळ्याला लटकत होती, कोपरा कापलेला आणि वर सुतळीची गाठ.

"गहू नाही घेतला?"

"आमच्यात रोज भाकरी लागते, साहेब. राशनचा गहू येत होता तवाबी निम्मा इकून ज्वारीच घेत होते मी."

हे तिने माझ्यासमोर, वहीत लिहीत असलेल्या पुरवठा निरीक्षकासमोर सांगितलं. राशनचा माल विकला म्हणून कार्ड रद्द करण्याच्या नोटिसा मी आजवर किती काढल्या त्याची गणती नाही. तोच सौदा ती आता उजळ माथ्याने करत होती, मधला व्यापारी गळाला होता, एवढाच फरक. माझ्या रजिस्टरात मात्र त्या गव्हापुढे 'वाटप पूर्ण' असं लिहिलेलं होतं. धान्य पोटात जातं हे मी सतरा वर्षं त्या दोन शब्दांवरून ठरवत होतो.

मग बाटलीवर आलो.

इथे मी एक लबाडी केली, ती सांगायला हवी. मी तिला उत्तर सुचवू लागलो. पाहुणे आले होते का? कुणी आजारी होतं? पोरीला बघायला कुणी? यातलं एकाला जरी तिने मान हलवली असती तर माझा अहवाल जागच्या जागी तयार होता: 'अत्यावश्यक प्रसंगी केलेला किरकोळ खर्च, सबब तक्रारीत तथ्य नाही.' तिने सगळं ऐकून घेतलं.

"पाहुणं कुणी नव्हतं. उन्हाचं आले बँकेतून चालत. प्यावं वाटलं. लेकरांनीबी पिली."

बस्स. पुढे काही नाही. मी पेन धरून बसलेलो आणि ती माझ्याकडे बघत. दाराजवळ खुंटीला तीच बाटली टांगलेली होती. भोवती बारदानाचा तुकडा शिवलेला, तो ओला केलेला, आत शेतात न्यायचं पाणी. मी मघाशी प्यायलो ते त्यातलंच होतं.

आणि मला उगाच आमचा आनंदाचा शिधा आठवला. २०२२ ची दिवाळी. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. आमच्याकडे चारही जिन्नस एकदम कधी आलेच नाहीत, आणि पिशवीसाठी लोक आमच्या नावाने बोटं मोडत होते. लाखो घरांनी दिवाळीला काय करायचं ते चार जिन्नसांत ठरवलेलं, त्यात किलोभर साखर होती, आणि त्या साखरेविरुद्ध कुणा गुरुजींनी अर्ज केला नव्हता.

गुरुजींकडे गेलो तेव्हा चढ्या आवाजातच बोललो असेन. "एका बाटलीसाठी तुम्ही तहसीलला अर्ज करता?" गुरुजींनी आधी कोतवालाला पानतंबाखू आणायला पिटाळलं. मग म्हणाले, "माझा अर्ज तिच्यासाठी नाहीच. तिकडच्या गल्लीत एक घर आहे. पैसे आले की नवरा बायकोला मिनी बँकेत नेतो, अंगठा लावायला लावतो, आणि बाहेर आल्यावर पैसे त्याच्या खिशात. पुढचे आठ दिवस त्या घराकडे बघवत नाही."

"मग ते का नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर तुम्ही आला असतात, त्याला विचारलं असतंत आणि निघून गेला असतात. रात्री मार कुणी खाल्ला असता?"

"आणि या बाईचं नाव लिहिलंत ते?"

"ती कुणाला भीत नाही," गुरुजी म्हणाले. थोडे ओशाळले होते, पण फार नाही.

त्या दुसऱ्या घरी मी 'आधार सीडिंग तपासणी', म्हणजे खात्याला आधार जोडलंय का ते बघायचंय, असं कारण काढून गेलो. नवरा गावात नव्हता. बाई लहानखुरी, बोलताना दाराकडे बघणारी. शेजारी सासू शेंगा फोडत बसलेली. मी पैशाचा विषय काढलाच नाही. तिनेच विचारलं, "साहेब, आमचं गहू परत चालू होईल का?"

मी विचारलं, गहू काय तो विकत नव्हता? तर म्हणाली, विकायचा की. पण पोतं डोक्यावर घेऊन निघाला की आख्खी गल्ली बघायची, सासूबाई आडव्या पडायच्या, अर्धं तरी घरात राहायचं. "पैसा खिशात गेल्यावर कुणाला दिसतो?" सासूने शेंगा फोडणं थांबवलं नाही, नुसती मान डोलावली.

कुटुंबप्रमुख बाईच, म्हणून कार्ड तिच्या नावाने करायचं हे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं कलम मी प्रशिक्षणात कितीदा तरी समजावून सांगितलंय. त्याच धर्तीवर या योजनेचं खातंही बाईचं. खातं होतं तिच्याच नावाने. अंगठाही तिचाच.

रात्री अहवाल लिहायला बसलो. पहिल्या घराबद्दल लिहिलं: 'रक्कम लाभार्थीने स्वतःच्या मर्जीने खर्च केली. शासन निर्णयात वस्तूंची यादी नाही.' बाटलीचा शब्दही काढला नाही. दुसऱ्या घराबद्दल चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. अहवालाची प्रत अर्जदाराला जाते आणि गावात कागद लपत नाही. तहसीलदार साहेबांना तोंडी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, आपल्याकडे एकाला गहू आणि एकाला पैसे देता येतात का? मी म्हटलं, नाही येत. त्यांनी अर्जावर लिहिलं, 'दप्तरी दाखल.' म्हणजे प्रकरण बंद.

जूनमध्ये दीडशेचे एकशे सत्तर झाल्याचा शासन निर्णय आला. त्यानंतर कधीतरी ती लहानखुरी बाई सासूला घेऊन तहसीलला आली. कोऱ्या कागदावर एका वाक्याचा अर्ज, अक्षर गुरुजींचं: मला पैसे नकोत, धान्य द्यावे. अशा मागणीसाठी आमच्याकडे कुठला नमुनाही नाही. मी अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. तिने ती पोच पासबुकाच्या पिशवीत सरकवली, वरून रबर चढवलं, आणि विचारलं, आता कधी येऊ?