पंच नसलेली स्पर्धा

वर्षभरात जास्तीत जास्त पक्षी पाहण्याच्या स्पर्धेवरचा ‘द बिग इयर’ हा विनोदी चित्रपट पाहा, असे मी ज्यांना ज्यांना सुचवले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो पाहून झाल्यावर मला एकच प्रश्न विचारला आहे : ‘यांनी तो पक्षी खरोखर पाहिला की नाही, हे ठरवतो कोण?’ प्रश्न कोल्हापूरकराला शोभणाराच आहे. खासबाग मैदानात हजारो डोळ्यांदेखत पाठ मातीला टेकल्याशिवाय जिथे कुणी कुणाला चीतपट मानत नाही, तिथे एका वहीवर विश्वास ठेवून विजेता ठरावा, हे पचायला जडच जाते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : बहुतेक वेळा कुणीच ठरवत नाही. अतिदुर्मीळ नोंदींची जाणकार छाननी करतात, पण एरवी छायाचित्राची सक्ती नसते आणि पक्षी दिसला नाही, नुसता आवाजावरून ओळखला, तरी तो धरला जातो. २०११ सालच्या या चित्रपटात स्टीव्ह मार्टिन, जॅक ब्लॅक आणि ओवेन विल्सन यांची पात्रे वर्षभरात उत्तर अमेरिकेतल्या जास्तीत जास्त जाती पाहण्यासाठी धावतात. मुळात ही हकिकत १९९८ सालच्या खऱ्या चुरशीवर बेतलेली आहे. त्या वर्षी वाऱ्यांनी आशियातले कितीतरी पक्षी अलास्काच्या टोकाला असलेल्या अट्टू बेटावर आणून टाकले होते आणि पक्षीनिरीक्षक सँडी कोमिटो यांची यादी ७४८ जातींवर गेली.

चित्रपटातला विनोद मला दिसतो तो असा, की ही माणसे बाकी सगळ्या बाबतींत बिनदिक्कत लपवाछपवी करतात. ‘यंदा तुम्ही मोठ्या वर्षाच्या, म्हणजे ‘बिग इयर’च्या, मागे आहात का?’ असे कुणी विचारले, की डोक्यात दुसरे काही नसतानाही ‘छे, छे’ म्हणून मोकळी होतात (आपल्या तालमीतला पैलवानही मैदान जवळ आले की खुराक सांगत नाही). मात्र समोरच्याने अमुक पक्षी पाहिला म्हटले, की जळफळाट होऊनही तो शब्द मान्य केला जातो.

तो शब्द किती जड असतो, हे मला राधानगरीच्या जंगलात कळले. जूनच्या सुरुवातीला आमचे दोन गट दिवसभराची मोजणी करत होते, आणि दोघांच्याही वहीत ६१ जाती झाल्या होत्या. पायवाटेवरून नवरंग पक्षी उडाला तेव्हा मी खाली वाकून बुटात शिरलेला कानीट, म्हणजे जळू, काढत होतो. वर पाहिले तेव्हा फक्त एक फांदी हलत होती. बरोबरच्या दोघांना तो स्पष्ट दिसला होता, त्यामुळे गटाचा आकडा ६२ होणे रास्तच होते. पण माझ्या स्वतःच्या जन्मभराच्या यादीत नवरंग अजून नव्हता, आणि त्या संध्याकाळी मी तो लिहून टाकला.

कुणी विचारले नाही, विचारणारही नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात पहाटे त्याची दोन सुरांची शीळ मी नीट ऐकली, म्हणजे नियमाने पक्षी माझा झाला. तरी वहीतली तारीख जूनचीच आहे, आणि यादी कुणाला दाखवायची वेळ आली, की ते पान मी जरा भराभर उलटतो.