‘वि’ या एका अक्षराची तालीम

पॅरिसमधील एका लहान गायकवृंदात मी गातो. नाताळच्या कार्यक्रमासाठी आम्ही मध्ययुगीन रचनाकार पेरोतँची ‘विदेरुंत ओम्नेस’ (‘सर्वांनी पाहिले’) ही चार आवाजांची रचना बसवत होतो. नोत्र दाम कॅथेड्रलचे बांधकाम चालू असतानाच तिथे हे संगीत घडले. ११९८ साली बिशप ओद द स्युली यांनी नववर्षदिनाच्या उत्सवातील धिंगाणा आवरण्यासाठी काढलेल्या आदेशात चार आवाजांच्या गायनाला मुभा होती, त्यावरून ही रचना त्याच सुमाराची मानली जाते.

माझ्याकडे ‘टेनर’ होता. आजच्या अर्थाने उंच पुरुषी आवाज नव्हे, तर लॅटिन अर्थाने ‘धरून ठेवणारा’, म्हणजे मूळ ग्रेगोरियन गायनाची, चर्चमधील जुन्या एकसुरी लॅटिन गायनाची, ओळ. तिच्यातील ‘वि’ हे पहिलेच अक्षर आम्हा दोघांना आळीपाळीने श्वास घेत मिनिटभर धरायचे होते आणि वरचे तीन आवाज दीर्घ-लघूंच्या ठरावीक लयीत एकमेकांना ओलांडत, एकमेकांचे तुकडे उचलत फिरणार होते. सांगलीत लहानपणी गुरुजींच्या मागे तानपुऱ्यावर बसलेलो असल्याने मला हे काम सोपे वाटले.

त्या सकाळी आमच्या संचालिकेने आधुनिक स्वरलिपीचे कागद काढून घेतले आणि फ्लॉरेन्सच्या लॉरेन्सियन ग्रंथालयातील, तेराव्या शतकात पॅरिसमध्ये लिहिल्या गेलेल्या हस्तलिखिताच्या पहिल्या पानाची प्रत हाती दिली. तिच्यावर रचनाकाराचे नाव नाही. ते आपल्याला कळते एका अनाम लेखकाच्या, बहुधा इंग्रज विद्यार्थ्याच्या, नंतरच्या ग्रंथातून. वरच्या ओळींत जोडस्वरांचे पुंजके दाटलेले, लय त्या पुंजक्यांच्या क्रमावरूनच ओळखायची. माझी ओळ मात्र जवळजवळ मोकळी.

थोडे गाऊन होताच तिने थांबवले. “सूर बरोबर आहे, पण तुम्ही शब्द गात नाही आहात.” मग तिने आम्हा सर्वांकडून तीच ओळ साध्या गतीने, एका सुरात म्हणवून घेतली, आणि माझी चूक मला उमगली. तानपुऱ्याचा षड्ज कुठे जात नाही, त्याने तसे जायचेही नसते. हा स्वर मात्र पहिल्या क्षणापासून ‘दे’कडे निघालेला असतो, आणि ती ओढ माझ्या आवाजात नव्हती.

पुढच्या वेळी ‘वि’ धरताना मी मनात पुढची अक्षरे ऐकत राहिलो. ‘दे’वर पाऊल टाकले तेव्हा वरचे तिघे माझ्याबरोबर वळले आणि तो वळण्याचा क्षण मला छातीत जाणवला. ‘ओम्नेस’ संपताच सारा वृंद ‘फिनेस तेर्रे’, पृथ्वीच्या सीमा, हे पुढचे शब्द घेऊन एका सुरात आत आला. तेच गायन, आता चालत्या गतीने, आणि मीही त्यात मिसळलो.