आधी उंची बघा, मग तारखा

गेले दोन आठवडे रोज रात्री मी नकाशा उघडून बसतेय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी धाकटी बहीण उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं म्हणतोय, आणि हे कळल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की डोंगरातल्या नॅशनल पार्कचा प्लॅन करायचा कसा, सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

सुरुवात उंचीपासून करा. तारखा, हॉटेल, किती पार्क होतील हे सगळं नंतर. रात्री झोपणार ती जागा किती मीटरवर आहे, दिवसभरात सगळ्यात वर कुठवर जाणार आणि त्यात एकूण चढ किती, एवढे तीन आकडे प्रत्येक दिवसासमोर कागदावर लिहा. मी आधी किलोमीटर बघायचे आणि डोंगरात किलोमीटर फार फसवतात.

साधारण हजार मीटर वर गेलं की सहा-साडेसहा डिग्रीने गारठा वाढतो, म्हणजे एकाच पार्कमध्ये एकाच दिवशी दोन वेगळे ऋतू असू शकतात. अमेरिकेतलं ग्रेट स्मोकी माउंटन्स बघा, तिथली सगळ्यात सखल जागा २६७ मीटरवर आणि कुवोही शिखर (२०२४ पर्यंत ज्याला क्लिंगमन्स डोम म्हणायचे) २,०२५ मीटरवर. वसंतात रानफुलं आधी खालच्या दऱ्यांत येतात आणि बहर हळूहळू वर चढत जातो, शरद ऋतूत उलटं, पानांचे रंग सप्टेंबरमध्ये वर सुरू होतात आणि खाली उतरेपर्यंत ऑक्टोबर संपत आलेला असतो. त्यामुळे तुमच्या सुट्टीच्या तारखा पक्क्या असतील, बदलता येत नसतील, तरी हिरमुसू नका, त्या तारखांना कुठल्या उंचीवर काय चालू असेल ते शोधा आणि तिथे मुक्काम टाका.

रस्त्यांचंही तेच. अमेरिकेतल्याच योसेमिटी पार्कमधला टायोगा पास ३,०३१ मीटरवर आहे आणि हिवाळाभर बर्फामुळे बंद असतो, बहुतेक वर्षी मे अखेर किंवा जूनमध्ये कधीतरी उघडतो. ग्लेशियर नॅशनल पार्कमधला लोगन पासवरून जाणारा रस्ता तर पूर्ण उघडायला जून अखेर, कधीकधी जुलैचा मध्य उजाडतो. खाली मस्त ऊन पडलेलं असतं, फोटोत सगळं हिरवंगार दिसतं आणि लोक मेमधली बुकिंग करून मोकळे होतात, मग ज्या रस्त्यासाठी आलो तोच बंद! बुकिंगच्या आधी पार्कच्या वेबसाईटवर मागच्या काही वर्षांत रस्ता कधी उघडला ते बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता आमच्या व्हॅलीबद्दल. पार्क १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण जूनमध्ये वाटेवर बर्फ भेटतो आणि फुलं मोजकीच, खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आणि तेव्हाच पावसाचा जोर असतो, दरडी कोसळतात, रस्ता कधी काही तास तर कधी अख्खा दिवस अडकतो. फुलं पाहिजेत तर पाऊस घ्यावाच लागतो, इथे मधला मार्ग मला तरी सापडला नाही, म्हणून प्लॅनमध्ये निदान एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा आणि परतीचं तिकीट त्या मोकळ्या दिवसाच्या पुढचं काढायचं. व्हॅलीच्या आत मुक्काम करता येत नाही, जवळच्या घांघरिया गावातून सकाळी जायचं आणि त्याच दिवशी परत फिरायचं. घांघरिया तीन हजार मीटरच्या आसपास आहे आणि तिथूनच वर जाता येतं ते हेमकुंड साहिब गुरुद्वारा चार हजारांच्या वर, तेव्हा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हेमकुंडचा खडा चढ लावून घेण्यापेक्षा आधी व्हॅली करावी, शरीराला एक दिवस जास्त मिळतो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात, आणि हे धडधाकट, तरुण माणसालाही तेवढंच लागू होतं. डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर वर जायचं नाही, वाढलं तर सरळ खाली उतरायचं.

वेळेचा हिशोब मात्र मला अनुभवाने शिकवला. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका देवदाराच्या जंगलात बारा किलोमीटरच्या वाटेवर निघालो, तासाला चार किलोमीटर म्हणजे तीन तास, असा माझा हिशोब, म्हणून दुपारी निवांत निघालो. वाटेत नऊशे मीटर चढ होता आणि तो मी धरलाच नव्हता. नकाशावर उंची दाखवणाऱ्या रेषा होत्या की, अंगठ्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितलाय, पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, त्यानेच आमचे जवळजवळ चार तास होतात, तेही न थांबता, पाठीवर ओझं नसताना. आम्हाला साडेसहा लागले. दाट झाडीत अंधार बाहेरच्यापेक्षा लवकर पडतो, वर फांद्यांमधून आभाळ अजून उजळ दिसत असतं आणि पायाखालची ओली मुळं दिसेनाशी झालेली असतात. दोघींत टॉर्च एकच, मी दोन पावलं पुढे जायचे आणि मागे वळून तिच्या पायांवर उजेड धरायचे, मग ती यायची, मग पुन्हा दोन पावलं. "ताई, अजून किती?" असं ती दर थोड्या वेळाने विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुखरूप पोचलो, पण ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून नेस्मिथचा आकडा काढून त्याची दीडपट करते, सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं असं धरून निघायची वेळ ठरवते, आणि टॉर्च प्रत्येकीची वेगळी.

बाकी परमिट वगैरे प्रत्येक पार्कचं वेगळं असतं, ते आधीच बघा, हिमाचलातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये ट्रेकला परमिट लागतं, योसेमिटीत रानात मुक्काम करायचा तर परमिट तर लागतंच, शिवाय खाणं आणि वास येणारी प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात ठेवावी लागते. नकाशा फोनमध्ये डाउनलोड करा आणि कागदावरचाही घ्या, दरीत रेंज नसते आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. आणि एकाच ट्रिपमध्ये चार पार्क कोंबू नका प्लीज. जंगल दुसऱ्या दिवशी वेगळं दिसतं, पहिल्या दिवशी आपण वाटच बघत चालतो, दुसऱ्या दिवशी कुठे पक्षी ऐकू यायला लागतात.

काल बहिणीला प्लॅन पाठवला. "घांघरियात तीन रात्री? एकाच ठिकाणी?" असा लगेच फोन आला. मी तिला रोजच्या उंचीचे आकडे वाचून दाखवले, एक दिवस पावसासाठी मोकळा ठेवलाय हेही सांगितलं, ती गप्प. मग म्हटलं, पाऊस नाही पडला तर त्या दिवशी पुन्हा व्हॅलीत जाता येईल, पहिल्या दिवशी घाईत राहून गेलं असेल ते नीट बघू. तेव्हा कुठे हो म्हणाली, आणि स्वतःच म्हणाली की या वेळी टॉर्चचे जास्तीचे सेल मी आणते.