गोठ्यावरच्या वेली

आज दिवसभर आजोबांच्या जुन्या गोठ्यावर होतो. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि सगळ्यावर वेलींचं रान. गुरं विकल्यापासून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

काकांनी आधीच बजावलं होतं, "ओढू नको रे, बुडात तोड नि वाळू दे." खरंय ते. भिंतीचे चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, मातीत बसवलेले आहेत. हिरवी वेल खेचली की फटीत शिरलेली मुळं मातीसकट चिरा हलवतात. वाळलेली काठीच्या आकडीने अलगद सुटते. खाजकुयलीच्या शेंगा मात्र सगळ्यात आधी, अंगभर कपडे घालून उतरवल्या.

गुळवेलीचं नवल वाटलं. बुडापासून तोडलेली, तरी वाशाला लटकलेला तुकडा हिरवागार आणि त्यातून दोऱ्यासारखी मुळं जमिनीकडे सुटलेली! जीव नाही झाला टाकायचा. कुंपणाच्या शेवग्याखाली लावली.

आत गव्हाणीची कड गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालीय. कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत बसलो. हा गोठा मी पडू देणार नाही.

मागच्या भिंतीतला पिंपळ अजून बाकी आहे. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो, त्यामुळे चिरे उतरवून मूळच काढायला हवं. मग पावसाआधी कौलं परतायची, म्हणजे काढून पुन्हा नीट लावायची.