स्क्रीन लुकलुकतेय, फॉरमॅट मारू का?

लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न मला गाठतो : "लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते, मधेच रेघा येतात. सेटिंगमध्ये सगळं बदलून पाहिलं. आता फॉरमॅट मारू का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : नको. आणि सेटिंग्जमधली ढवळाढवळही थांबवा. दोष विंडोजचा की स्क्रीनचा, हे आधी कळू द्या.

रेघा दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर पाठवून तिथे उघडा. स्क्रीनशॉट म्हणजे कॉम्प्युटरने आत तयार केलेल्या चित्राची नक्कल. ते चित्र केबलमधून पॅनेलवर, म्हणजे प्रत्यक्ष पडद्यावर, पोचण्याआधीच ती निघते. त्यामुळे फोनवरही रेघा दिसल्या तर गडबड आतली, म्हणजे अ‍ॅप, ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) किंवा चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर बहुधा केबल किंवा पॅनेल. झाकण पुढेमागे केल्यावर रेघा कमीजास्त झाल्या तर बिजागरीजवळची केबल तपासून घ्या. तिथे फॉरमॅट मारून काय साधणार? काही दुकानांत तरीही पहिला उपाय तोच, आणि जातो तो डेटा तुमचा.

लुकलुकणं स्क्रीनशॉटमध्ये सापडत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली एक खूण आहे, मला ती फार आवडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि टास्क मॅनेजरची खिडकी तेवढी स्थिर, तर संशय एखाद्या अ‍ॅपवर. ते अपडेट करा नाहीतर काढून टाका. तीही लुकलुकली तर डिस्प्ले ड्रायव्हर. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. ते बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्यावा लागतो.

कधीकधी बिघाड नसतोच. शेजारच्या काकूंचा लॅपटॉप पांढरं पान उघडलं की उजळायचा, अंधारं दृश्य आलं की मंदावायचा. बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज ११ काही लॅपटॉपवर समोरच्या चित्राप्रमाणे ब्राइटनेस बदलतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, तिथे ब्राइटनेसशेजारचा बाण दाबला की हा पर्याय सापडतो. तो बंद केला, प्रश्न मिटला. काकूंनी तोवर नव्या पॅनेलचा भाव काढून ठेवला होता.

हे वाचण्याआधीच रिझोल्यूशन बदललंत आणि स्क्रीन काळी झाली? काहीही दाबू नका. 'हे बदल ठेवायचे का' या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की १५ सेकंदांत विंडोज आपणहून जुन्या सेटिंगवर येतं.