वाळवीनं खाल्लेला पियानो
आज माळ्यावरून आजोबांची पेटी खाली काढली. भात्याला कसर लागलेली, चार स्वर मुके. हळहळ वाटलीच. मग दुपारभर क्युबन पियानोवादक रुबेन गोन्सालेस ऐकत बसलो, कारण त्यांचा तर अख्खा पियानोच वाळवीनं खाल्ला होता!

क्युबाच्या सांता क्लारात १९१९ साली जन्म. दिवसा डॉक्टरकी आणि रात्री वादन असा बेत होता, पण वैद्यकीय शिक्षण सोडून ते हवानाला गेले. १९४०च्या दशकात आर्सेनियो रोद्रिगेस यांच्या वाद्यवृंदात, पुढे कितीतरी वर्षं चा-चा-चा या नृत्यसंगीताचे जनक एन्रिके होरीन यांच्याबरोबर. मग निवृत्ती. बोटांत संधिवात आणि घरात पियानो नाही.

१९९६ मध्ये हवानातल्या एग्रेम स्टुडिओत जुन्या क्युबन संगीतकारांच्या 'बुएना विस्ता सोशल क्लब' या अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू झालं, तेव्हा पंच्याहत्तरी उलटलेले हे आजोबा सकाळी दार उघडायच्या आधीच हजर असायचे. आत शिरले की थेट पियानोवर. ते पाहून त्यांचा स्वतंत्र अल्बमही तिथेच झाला, अवघ्या दोन दिवसांत.

त्यांचा डावा हात संथ ठेका धरून बसतो आणि उजवा मध्येच खट्याळपणे पळत सुटतो. संधिवात कुठे लपवलाय, कळत नाही. (माझी बोटं पन्नाशीतच कुरकुरतात, ते सोडा.)

१९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफल, २००३ च्या डिसेंबरात हवानातच निधन.

पेटी उद्या दुरुस्तीला टाकतोय. भात्याचं काम चांगलं करणारं कुणी माहीत असेल तर सांगा रे.